गोठ्यातली १९७१ ची जीप: घरी केलेल्या दुरुस्तीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

राधानगरी तालुक्यातल्या एका गावात, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जीप तेरा वर्षं उभी होती. महिंद्राची सीजे-३बी, १९७१ सालची, जुन्या तीन अक्षरी नंबरची. घरातल्या वडिलांनी ती धरणाच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती. उसाच्या फडापासून रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात पोचवण्यापर्यंत सगळ्याला ती गेली. गावातल्या निम्म्या घरांची तिच्याबद्दल काही ना काही आठवण आहे.

हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनलं. आपल्याकडे महिंद्राने ते त्यानंतरही बरीच वर्षं बनवलं. त्याचं बॉनेट उंच आहे, आणि त्याला कारण आहे ते आतलं हरिकेन इंजिन. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच होते. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. २१९९ सीसी, चार सिलेंडर, पेट्रोल. गिअर तीनच, पण ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) लो टाकला की ताकद जवळजवळ अडीचपट होते. चिखलात रुतलेली बैलगाडी ओढून काढणारी जीप ती हीच.

१९९४ मध्ये पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी मूळ इंजिन उतरवलं आणि भंगारातल्या महिंद्राच्याच एमएम-५४० जीपचं डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा अनेकांनी हेच केलं. मूळ इंजिन पोत्यात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवलं. कागदोपत्री मात्र काहीच बदललं नाही. २००८ मध्ये वडील गेले. पुढे नोंदणीची मुदतही संपली आणि गाडी जागेवरच राहिली.

मुलगे दोन. थोरले माध्यमिक शाळेत शिक्षक, धाकटे शेती बघतात. मी त्यांचा आतेभाऊ, आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक. २०२१ च्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून मी या कामात होतो आणि वहीही मीच ठेवली. चौथे होते एक मिस्त्री, सत्तरी ओलांडलेले. त्यांची उभी हयात जीपखाली गेली. सगळे त्यांना मामा म्हणतात.

अडचण

पहिली अडचण डोळ्यांना दिसत होती. आमच्याकडचा पाऊस जून ते सप्टेंबर पत्र्याला सुकू देत नाही. शेजारी गोठा, त्यामुळे शेणामुताची वाफ बारा महिने. पायाखालचा पत्रा इतका गेला होता की ड्रायव्हरच्या सीटजवळ उभं राहिलं तर खालची जमीन दिसायची. पुढच्या एक्सलच्या गोळ्यात (डिफरन्शियलमध्ये) तेलाऐवजी पाणी आणि गंजाचा लगदा निघाला.

दुसरी अडचण आम्हाला पाच महिने उशिरा कळली. आरसी बुकावर पेट्रोल आणि मूळ इंजिनाचा नंबर, गाडीत मात्र दुसरंच डिझेल इंजिन.

तिसरी अडचण माणसांची, आणि माझ्या मते खरी हीच. थोरल्यांना वडिलांच्या फोटोतली जीप हवी होती. धाकट्यांना शेतावर खत नेणारी आणि आईला जोतिबाला घेऊन जाणारी गाडी हवी होती. दोघांचं म्हणणं रास्त होतं. पण ही गाडी शेवटी काय म्हणून उभी करायची, हा प्रश्न आमच्यापैकी कोणीच मोठ्याने विचारला नाही. सगळे पाना घेऊन थेट खाली शिरलो.

पहिली चूक

गाडीत असलेलं इंजिन चालू करायचं, हे आम्ही न बोलताच ठरवून टाकलं. डिझेल पंप आणि इंजेक्टर कोल्हापूरला पाठवले, हेड उतरवलं, गॅस्केट बदललं. मार्च २०२२ मध्ये इंजिन धडधडलं. आई दारात येऊन उभ्या राहिल्या, धाकट्यांनी पेढे आणले. तोवर ३८,००० रुपये गेले होते.

त्यानंतर थोरले कागदांची चौकशी करायला गेले आणि परत आले ते गप्पच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेले आणि नोंदणीत लिहिलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर नोंदणी कार्यालयाची परवानगी आधी लागते. आमच्याकडे १९९४ च्या बदलाचा एक कपटाही नव्हता. ते डिझेल इंजिन कोणत्या गाडीचं, ती गाडी रीतसर मोडीत निघाली होती का, हे सांगणारा माणूसही हयात नव्हता.

समोरचे पर्याय

त्या रात्री सोप्यात बसून आम्ही सगळं मांडलं. हीच बैठक नोव्हेंबरमध्ये व्हायला हवी होती.

डिझेल ठेवायचं तर गाडी शेताच्या बांधापुरतीच राहणार होती. विमा नाही, रस्ता नाही. धाकट्यांना सुरुवातीला हे चालणार होतं, पण शेत आणि घर यांच्यामध्ये दीड किलोमीटर डांबरी रस्ता आहे. त्यावर एखादं पोर आडवं आलं तर काय, असं आईंनी विचारलं आणि तो पर्याय तिथेच संपला.

विकायचा पर्याय थोरल्यांनीच काढला, वैतागून. जुन्या जीपला गिऱ्हाईक असतंच. कागद नसलेली जीप मात्र भंगाराच्या भावाच्या थोडं वर जाते.

व्हिंटेज नोंदणीचा विचार बराच वेळ चालला. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या, व्यवसायासाठी न वापरलेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. पन्नाशी भरलीच होती. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. आईला जोतिबाला न्यायचं तर हे सोयीचं नव्हतं.

उरला शेवटचा पर्याय: मूळ पेट्रोल इंजिन परत बसवायचं, गाडी वारसांच्या नावावर करायची आणि साधं नूतनीकरण घ्यायचं. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं होतं, मुदत पाच वर्षांची. यात दोघा भावांचं भागत होतं. धोका एकच. पोत्यातलं इंजिन २८ वर्षं पडून होतं आणि आत काय शिल्लक आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मामा बॅटरी घेऊन उठले, पोतं सोडलं आणि ब्लॉकवरचा नंबर फडक्याने पुसला. थोरल्यांनी आरसी बुक उजेडात धरलं. अंकन् अंक जुळला. मामा म्हणाले, "इंजिन मेलं आसंल तर जित्तं करू. नंबर कुठनं आणणार हुतासा?"

काम कसं झालं

इंजिनाचे चारही पिस्टन धरले होते, दोन तर पक्के. स्पार्क प्लगच्या भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओतलं आणि बारा दिवस तसंच ठेवलं. मधल्या काळात कोणीही हातोडा उचलायचा नाही, अशी मामांची ताकीद होती. तेराव्या दिवशी क्रँक उलटसुलट हलवताना बोटभर सरकला. दोन पिस्टन मोकळे झाले. उरलेले दोन लाकडाच्या ओंडक्याने खालून हळूहळू ठोकत काढले.

ब्लॉक कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेला. हे आमचं भाग्य. ज्या शहरात बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि ओतकाम एका हाकेच्या अंतरावर मिळतं, तिथून तासाभरावर आम्ही राहतो. तीन सिलेंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टनवर भागलं. चौथ्यात गंजाने खड्डे पाडले होते, तिथे स्लीव्ह (नळीसारखं नवं अस्तर) टाकली. शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. ते शिसं जुन्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याला) संरक्षण द्यायचं, म्हणून सीट कडक धातूच्या घालून घेतल्या. या इंजिनात त्या ब्लॉकमध्येच असल्याने हे काम हेडइतकं सोपं नसतं. ब्लॉक बोरिंगला असतानाच ते करून घेतलं, हे बरं झालं. नंतर आठवलं असतं तर सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं.

इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घेतला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि ओल धरतं. यातलं काही इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाच्या मळीतून येतं, त्यामुळे त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र महिनाभर उभी राहणार असेल तर गाडीची टाकी भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेत ओल धरते.

ही टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पत्र्याचं वेल्डिंग सुरू करण्याआधी मी ती काढून थेट अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली. धाकटे म्हणत होते की रिकामीच आहे, राहू दे. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती वाफ वाईट. यावर मी अडून बसलो आणि आजही बसेन.

बॉडीसाठी दोन वाटा होत्या. हरियाणातल्या मंडी डबवालीला जीपचा अख्खा नवा टब (पत्र्याची बॉडी) बनवून मिळतो. तो मागवला असता तर दोन महिने वाचले असते. पण थोरल्यांनी हट्ट धरला. मागच्या पॅनेलला एक खोल पोचा आहे. १९८३ साली बैल बुजून शिंग मारलं, त्याचा. तो जायला नको. मग फक्त तळाचा पत्रा आणि दोन्ही बाजूंचा खालचा वीतभर भाग कापून नवा बसवला, पोचा तसाच ठेवला. वायरिंग सगळं नवं घातलं, रंग सगळ्यात शेवटी दिला. या दोन कामांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ब्रेकबाबत मामा कोणाचं ऐकत नव्हते. "चालू करायची घाई नको. आधी थांबती का बघूया." या जीपचा मास्टर सिलेंडर फूटबोर्डखाली असतो, पेडल तळातून वर येतं, आणि चारही चाकांना एकच सर्किट. म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. दुहेरी सर्किट बसवायचं का, यावर चर्चा झाली. मूळ रचनाच ठेवली, पण एकही जुना पाइप, एकही जुना व्हील सिलेंडर परत लावला नाही. हॅंडब्रेक मागच्या चाकांना नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टला असतो. तो चालत्या गाडीत ओढायचा नाही, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला शिकवलं.

चॅसिस नंबरचा प्रसंग

ऑगस्ट २०२२. डिझेल इंजिनासाठी १९९४ मध्ये चॅसिसवर वेल्ड केलेले, इंजिन टेकवायचे पाय कापून मूळ जागी पाय बसवायचे होते. थोरल्यांचा मुलगा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, ग्राइंडर चालवत होता. पोराचा हात चांगला. पाय कापून झाले, वेल्डचे गड्डे सपाट झाले, आणि हातात ग्राइंडर आहेच म्हणून तो पुढच्या टोकापर्यंत गंज साफ करत गेला.

मी चहा घेऊन आलो तेव्हा ग्राइंडर थांबलेला होता आणि पोरगा चॅसिसकडे बघत बसला होता. पुढच्या टोकाजवळ ठोकलेला नंबर रंगाच्या आणि गंजाच्या थराखाली झाकला गेला होता. तिथे एवढं महत्त्वाचं काही आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आधीचे अंक शाबूत होते. शेवटचे दोन आता नुसत्या चकाकत्या लोखंडासारखे दिसत होते.

धाकट्यांच्या एका ओळखीच्याने तासाभरात सुचवलं की पंच आणून दोन अंक ठोकून टाका, कोणाला कळतंय. त्याला तिथल्या तिथे नाही म्हटलं. स्वतः ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीची खूण. तपासणारा अधिकारी असे अंक रोज बघतो, खोटा ठोका त्याच्या नजरेतून सुटत नाही. आणि तो सुटला असता तरी ते चूकच.

मग मामांनी जागा रॉकेलने धुतली, बारीक एमरीने एका दिशेने हलकं घासलं आणि रात्र पडेपर्यंत थांबायला सांगितलं. अंधारात मोबाइलचा टॉर्च जवळजवळ चॅसिसला टेकवून आडवा धरला. सरळ उजेडात काही दिसत नव्हतं, आडव्या उजेडात दोन्ही अंकांच्या तळाची रेघ सावलीसारखी उठली. सात आणि एक. कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, तोही पुसट का होईना उमटला. फोटो काढले, जागेवर गंज चढू नये म्हणून ग्रीस फासलं आणि त्या भागावर रंग द्यायचा नाही असं पाटीवर लिहून टांगलं. पोराला कोणी रागावलं नाही. चूक सांगणाऱ्यांची होती.

थरथर

जानेवारी २०२३ मध्ये गाडी शेताच्या रस्त्यावर पहिल्यांदा चालली. चाळीसचा वेग ओलांडला की पुढची चाकं अशी थरथरायची की स्टीअरिंग हातात राहत नव्हतं. चाकं बॅलन्स केली, टायरही बदलले, फरक शून्य. पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे एंड बदलले, थोडा फरक पडला. इथे आम्ही सहा आठवडे आणि बरेच पैसे घालवले, कारण बाहेरून बदलता येईल तेच बदलत होतो.

शेवटी मामांनी पुढचं एक्सल उचललं, टाय रॉड सोडला आणि आईंचा धान्याचा ताणकाटा मागितला. तो स्टीअरिंगच्या आर्मला अडकवून ओढायचा आणि चाक वळायला किती जोर लागतो ते बघायचं. उजव्या बाजूला काटा व्यवस्थित ताण दाखवत होता. डावीकडे काटा हललाही नाही, चाक बोटाने वळत होतं. चाक ज्याभोवती वळतं त्या किंगपिनच्या बेअरिंगवर जो दाब हवा, तो नव्हताच. बेअरिंग आम्ही नवी घातली होती, पण खालचे-वरचे शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) जुन्या मापाचेच परत लावले होते. दोन पातळ शिम काढल्यावर दोन्हीकडे सारखा ताण आला. सोबत पुढच्या क्रॉस मेंबरवरच्या, स्टीअरिंगचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या बेल क्रँकचा झिजलेला बुश बदलला. थरथर गेली ती गेलीच.

निष्पत्ती

कागदांना सर्वात जास्त वेळ लागला, तो मुख्यतः आमच्या बाजूने. वारसांची शपथपत्रं, बहिणींची ना हरकत, फॉर्म ३१ ने नावावर करणं, मग फॉर्म २५ ने नूतनीकरण, राहिलेले कर. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवत नेता येत नाही, म्हणून तपासणीला ती टेम्पोवर चढवून नेली. घासलेल्या अंकांबद्दल थोरल्यांनी स्वतःहून अर्ज दिला. काय झालं, कधी झालं, सोबत रात्रीचे फोटो आणि पेन्सिलीचा छाप. अधिकाऱ्यांनी खाली बसून टॉर्च लावून स्वतः पाहिलं, इंजिनाचा नंबर आरसीशी ताडला, आणि नंबर वाचता येतो असा शेरा मारला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नूतनीकरण झालं.

सुरुवातीचा अंदाज दीड लाखाचा होता, खर्च तीन लाख साठ हजारांपर्यंत गेला. त्यात डिझेल इंजिनावरचे ३८,००० आणि थरथरीच्या मागे गेलेले सुमारे वीस हजार निव्वळ वाया.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रविवारी पान्याऐवजी आरसी बुक हातात घ्यायला हवं होतं. दोन्ही नंबर कागदाशी ताडणं, त्यांचा छाप आणि फोटो घेणं आणि ती जागा लाल रंगाने आखून टाकणं, एवढं अर्ध्या तासाचं काम पाच महिने आणि एक वाईट रात्र वाचवून गेलं असतं.

टब नवा घ्यायला हवा होता का, यावर आमचं अजून एकमत नाही. मला विचाराल तर जुनाच बरोबर. धाकटे म्हणतात की तळाचे जोड दहा पावसाळ्यांत पुन्हा बोलतील, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. ब्रेकच्या बाबतीत मात्र माझं मत बदललंय. घाटात आई सोबत असताना एकाच सर्किटवर विसंबणं मनाला पटत नाही. मूळपणा जपायचा तो दिसणाऱ्या गोष्टींत. पायाखालच्या पाइपात जपायची गरज नाही. मात्र असा बदल करायच्या आधी तो कागदोपत्री चालतो का, हे या वेळी आधी विचारून घेणार आहोत.

आणि नवं बेअरिंग घातलं की शिमचं माप नव्याने घ्यायचं. हे मी वर्गात पोरांना दरवर्षी शिकवतो, तरी माझ्याच डोळ्यांदेखत ते राहून गेलं.

सध्या

गाडी आठवड्यातून दोनदा निघते. आई दोन वेळा जोतिबाला जाऊन आल्या, दुसऱ्यांदा पुढच्या सीटवर उशी घेऊन. गिअरबॉक्सचं तेल मधल्या सीलमधून ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, त्यामुळे एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त भरतं. या जोडीचं हे जुनं दुखणं आहे. दर महिन्याला दोन्हीकडचे प्लग उघडून पातळी बघतो. पाऊस संपला की दोन्ही उतरवून सील बदलायचं ठरलंय. मामांनी सील आत्ताच मागवून ठेवलंय, कारण मिळालं तर मिळालं.